ओपन व्हीस्विच: नाव एक, स्विच अनेक. कुठलं फीचर कुठे चालत नाही, हे आधीच कसं ओळखायचं?

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या व्हीएमना प्रत्येकी १०० एमबीपीएसची मर्यादा लावायचं काम माझ्याकडे आलं. लॅबमध्ये सगळं नीट चाललं. मग तेच कॉन्फिगरेशन खऱ्या सर्व्हरवर टाकलं. एकही एरर आली नाही. आठवड्याने ट्रॅफिकचे आलेख पाहिले तर मर्यादा लागलेलीच नव्हती, व्हीएम मनसोक्त बँडविड्थ ओढत होत्या. दोन्हीकडे ओपन व्हीस्विचची, म्हणजे व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअर स्विचची, आवृत्ती अगदी तीच. फरक इतकाच की लॅबमधल्या ब्रिजला (ब्रिज म्हणजे त्यात बनवलेला एक स्विच) कर्नलचा डेटापाथ होता आणि सर्व्हरवरच्या ब्रिजला डीपीडीकेचा (कर्नलला वगळून पॅकेट हाताळणारी लायब्ररी).

ओपन व्हीस्विच, म्हणजे ओव्हीएस, हा एकच प्रोग्राम आहे असं धरून आपण सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. त्याचं डोकं वेगळं आणि हात वेगळे. डोकं म्हणजे व्हीस्विचडी हा डीमन. फ्लो (कुठल्या पॅकेटचं काय करायचं याच्या नोंदी), पोर्ट, नियम यांचा हिशेब तो ठेवतो. पॅकेट प्रत्यक्ष इकडून तिकडे टाकणारे हात म्हणजे डेटापाथ. डोकं सगळीकडे सारखंच, पण हात कधी लिनक्स कर्नलमध्ये असतात, कधी युजरस्पेसमध्ये (डीपीडीके किंवा एएफ-एक्सडीपी), तर कधी विंडोजच्या हायपर-व्हीमध्ये. शिवाय हल्ली काही काम थेट नेटवर्क कार्डावरही ढकलतात. डोक्याला येतं ते सगळं प्रत्येक हाताला जमतंच असं नाही.

लिनक्स येतं पण ओव्हीएस नवीन आहे, अशांसाठी हा लेख आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

आधी हाताशी काय हवं

- सर्व्हरवर रूट अधिकार, आणि नेटवर्क तुटलं तरी आत शिरता येईल असा कन्सोल (आयपीएमआय किंवा तत्सम). याचं कारण पाचव्या पायरीत.
- ओव्हीएसची तीन अवजारं: ओव्हीएस-व्हीएससीटीएल (कॉन्फिगरेशन), ओव्हीएस-ओएफसीटीएल (ओपनफ्लो, म्हणजे स्विचला फ्लो सांगण्याचा प्रोटोकॉल) आणि ओव्हीएस-अ‍ॅपसीटीएल (चालू डीमनला प्रश्न विचारायला). तिसऱ्याकडे नवखे बघतच नाहीत, आणि आपलं निम्मं काम तेच करतं.
- दोन व्हीएम आणि त्यांवर आयपर्फ-३ (वेग मोजायला).
- व्हीस्विचडीची लॉग फाइल. ती कायम एका खिडकीत उघडी ठेवा.
- कागद. गंमत नाही, खरंच कागद घ्या आणि कुठली फीचर्स लागणार आहेत ते लिहा: टनेल (पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणं) कुठला, फायरवॉलसाठी कनेक्शन ट्रॅकिंग (चालू जोडण्यांची नोंद) हवं का, वेगमर्यादा हवी का, एसफ्लो (ट्रॅफिकचे नमुने घेणं) हवा का.

१. ब्रिजचा डेटापाथ कुठला ते पाहा

ओव्हीएस-व्हीएससीटीएलने ब्रिजच्या नोंदीतला 'डेटापाथ-टाइप' हा रकाना वाचा. तो रिकामा असेल किंवा तिथे 'सिस्टिम' असेल तर कर्नल, 'नेटडेव्ह' असेल तर युजरस्पेस.

एका सर्व्हरवर दोन्ही प्रकारचे ब्रिज सुखाने नांदू शकतात. पण सिस्टिम ब्रिज आणि नेटडेव्ह ब्रिज पॅच पोर्टने (दोन ब्रिजमधली आभासी तार) जोडता येत नाहीत. पॅच पोर्ट एकाच प्रकारच्या दोन ब्रिजमध्येच चालतो. "थोडं ट्रॅफिक डीपीडीकेवर, बाकीचं कर्नलवर, मध्ये एक पॅच" असा बेत आखत असाल तर तो इथेच सोडा.

२. आवृत्त्यांचे आकडे लिहून घ्या

ओव्हीएसची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, आणि डीपीडीके वापरत असाल तर त्याची आवृत्ती. कर्नल डेटापाथ असेल तर फीचर कर्नलच्या आकड्यावर ठरतं. युजरस्पेस असेल तर ओव्हीएसच्या आकड्यावर. नवा ओव्हीएस आणि जुना कर्नल अशी जोडी असली की नव्या ओव्हीएसची बरीच फीचर्स नुसती कागदावर राहतात.

पूर्वी यावर एक तोडगा होता. ओव्हीएसच्या सोर्ससोबत स्वतःचं कर्नल मॉड्यूल यायचं, ते बांधून जुन्या कर्नलवर नवी फीचर्स मिळवता यायची. २.१५ पासून त्याला निरोपाची नोटीस मिळाली आणि ३.० मध्ये ते काढून टाकलं. जुन्या लेखांमध्ये अजूनही 'मॉड्यूल स्वतः कंपाइल करा' असा सल्ला दिसतो, तो आता सोडून द्या. एलआयएसपी आणि एसटीटी ही टनेलं त्याच मॉड्यूलमध्ये होती, मुख्य लिनक्स कर्नलमध्ये ती कधी आलीच नाहीत. जुन्या नेटवर्कमध्ये एसटीटी दिसलं तर अपग्रेडआधी व्हीएक्सलॅन किंवा जिनिव्ह या टनेलांवर जाण्याची योजना करा.

डीपीडीकेबाबत प्रत्येक ओव्हीएस आवृत्तीची जोडी ठरलेली असते: २.१७ ला २१.११, ३.१ ला २२.११, ३.३ ला २३.११. मनाने दुसरी जोडी लावायला जाऊ नका, कंपाइल होतानाच रडेल.

उबुंटूवाल्यांसाठी अंदाज: २२.०४ मध्ये ओव्हीएस २.१७ आणि कर्नल ५.१५, २४.०४ मध्ये ३.३ आणि ६.८. इथे डीपीडीकेसाठी वेगळं पॅकेज आहे. नुसतं साधं स्विच पॅकेज टाकून 'डीपीडीके पोर्ट बनत नाही' म्हणून डोकं धरून बसलेले बरेच जण पाहिलेत.

सापळा: रेड हॅट घराण्यात कर्नलच्या आकड्यावर विसंबू नका. सातव्या आवृत्तीचा कर्नल ३.१० म्हणवतो, आणि ओव्हीएसचं कनेक्शन ट्रॅकिंग मुख्य कर्नलमध्ये आलं ४.३ ला. तरी ते तिथे चालतं, कारण कंपनीने नवा कोड जुन्या कर्नलमध्ये आणून बसवलेला असतो. म्हणून आकड्यावर थांबायचं नाही, पुढची पायरी करायचीच.

३. स्विचलाच विचारा

डीमन सुरू होताना डेटापाथकडून प्रत्येक गोष्ट करवून बघतो आणि उत्तरं जपून ठेवतो. ती यादी ओव्हीएस-अ‍ॅपसीटीएलच्या 'डीपीआयएफ/शो-डीपी-फीचर्स' या कमांडला ब्रिजचं नाव दिलं की समोर येते. कनेक्शन ट्रॅकिंगच्या ओळी 'सीटी' ने सुरू होतात, एनएटीची वेगळी ओळ असते, 'मॅक्स व्हीलॅन हेडर्स' आणि 'मॅक्स एमपीएलएस डेप्थ' आकड्यात असतात. 'टनेल पुश पॉप' पुढे कर्नलमध्ये 'नो' दिसलं तर घाबरू नका. ती युजरस्पेसची टनेल बांधण्याची रीत आहे, कर्नल तेच काम त्याच्या पद्धतीने करतो.

याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न. ओपन-व्हीस्विच या मुख्य नोंदीतला 'आयफेस-टाइप्स' रकाना वाचला की कुठल्या प्रकारचे पोर्ट बनवता येतील ते कळतं. मीटर (ओपनफ्लोमधली वेगमर्यादा) हवे असतील तर ओव्हीएस-ओएफसीटीएलला ओपनफ्लो १.३ सांगून 'मीटर-फीचर्स' विचारा. कमाल मीटर शून्य आले तर विषय संपला. मीटर कर्नलमध्ये ४.१५ ला आले, पण सुरुवातीच्या अंमलबजावणीत चूक होती. ओव्हीएस ती चूक स्वतः तपासतो आणि सापडली तर मीटर बंद ठेवतो, त्यामुळे ४.१८ च्या खाली हा शून्य दिसला तर नवल नाही.

सापळा: डेटापाथ दोन व्हीलॅन हेडर ओळखतो म्हणून क्यू-इन-क्यू (एका व्हीलॅन टॅगच्या आत दुसरा) आपोआप चालत नाही. 'व्हीलॅन-लिमिट' ही सेटिंग मुळात १ असते. ती २ किंवा ० (म्हणजे डेटापाथला जमेल तितकं) केल्याशिवाय आतला टॅग स्विचला दिसतच नाही.

४. आता कागदावरची यादी ताडून पाहा

कनेक्शन ट्रॅकिंग. कर्नलमध्ये ४.३ पासून, त्यावरचं एनएटी ४.६ पासून, झोननुसार (ट्रॅकिंगच्या तक्त्यातल्या विभागानुसार) कनेक्शनची मर्यादा ४.१८ पासून, टाइमआउट ठरवणं ५.२ पासून. युजरस्पेसमध्ये हे सगळं नव्याने लिहावं लागलं, म्हणून वेगळं वेळापत्रक, ओव्हीएसच्या आकड्यांत: ट्रॅकिंग २.६, एनएटी २.८, तुकडे झालेली पॅकेट जोडणं २.१२, झोन मर्यादा २.१३, टाइमआउट २.१४. दोन्हीकडे ट्रॅकिंगचा तक्ता वेगळा असतो. कर्नलचा तक्ता नेहमीच्या कॉनट्रॅक अवजाराने दिसतो. युजरस्पेसमध्ये तेच अवजार चालवलं तर रिकामं दिसेल आणि तुम्हाला वाटेल ट्रॅकिंगच बंद आहे. तिथे अ‍ॅपसीटीएलची 'डीपीसीटीएल/डंप-कॉनट्रॅक' वापरायची.

ओपनस्टॅकवर असाल तर आणखी एक. व्हीएम आणि ब्रिज यांच्यामध्ये लिनक्स ब्रिज टाकून आयपीटेबल्सने सिक्युरिटी ग्रुप लावायची जुनी पद्धत डीपीडीकेसोबत चालत नाही, कारण पॅकेट कर्नलला शिवतच नाही. तिथे ओव्हीएसचा स्वतःचा फायरवॉल ड्रायव्हरच लागतो, आणि तो ट्रॅकिंगवर उभा आहे.

टनेल. जीआरई ३.११, व्हीएक्सलॅन ३.१२, जिनिव्ह ३.१८, आजच्या कुठल्याही कर्नलवर यांची काळजी नको. ईआरस्पॅनला (आरशातलं ट्रॅफिक दूर पाठवणारं टनेल) ४.१८ हवा. उलट जीटीपी-यू (२.१४ पासून) आणि एसआरव्ही-६ (३.२ पासून) ही ओव्हीएसची टनेलं फक्त युजरस्पेसमध्ये आहेत. म्हणजे कर्नल डेटापाथ नेहमीच जास्त भरलेला असतो असंही नाही.

वेगमर्यादा. माझी जिथे फजिती झाली ती जागा, म्हणून इथे जरा थांबतो.

मर्यादा लावण्याच्या दोन तऱ्हा. पोलिसिंग म्हणजे मर्यादेबाहेरचं पॅकेट सरळ फेकून देणं. शेपिंग म्हणजे ते रांगेत थांबवून सावकाश सोडणं. कर्नलमध्ये दोन्ही मिळतात, कारण ओव्हीएस ते काम लिनक्सच्या टीसीकडून (ट्रॅफिक कंट्रोल) करून घेतो; लिनक्स-एचटीबी आणि लिनक्स-एचएफएससी ही नावं तिथलीच. डीपीडीके पोर्टला टीसी माहीतच नाही, तिथे पोलिसिंग आहे, शेपिंग नाही. मी डीपीडीके पोर्टवर लिनक्स-एचटीबी लावला होता. ओव्हीएस-व्हीएससीटीएलने तो निमूट लिहून घेतला, कारण त्याचं काम डेटाबेसमध्ये नोंद करणं एवढंच. नोंद झाली म्हणजे अंमल झाला असं नाही. तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून शेत नांगरलं जात नाही, तसंच. लॉगमध्ये इशारा आला होता, मी तो पाहिला नव्हता.

डीपीडीकेत व्हीएमकडे जाणाऱ्या ट्रॅफिकला 'ईग्रेस-पोलिसर' लावा. व्हीएमकडून येणाऱ्यासाठी दोन्ही डेटापाथमध्ये 'इंग्रेस पोलिसिंग' आहे. ही नावं स्विचच्या बाजूने आहेत हे पक्कं लक्षात ठेवा: व्हीएमचं अपलोड हे स्विचचं इंग्रेस. उलट लावून 'चालत नाही' म्हणणारे मी मोजायचं सोडून दिलंय.

आणि एककं. १०० एमबीपीएस लिहायचं तर लिनक्स-एचटीबीला सेकंदाला बिट, म्हणजे १०,००,००,०००. इंग्रेस पोलिसिंगला किलोबिट, म्हणजे १,००,०००. ईग्रेस-पोलिसरला बाइट, म्हणजे १,२५,००,०००. तीन ठिकाणी तीन एककं कुणी ठेवली देव जाणे, पण आहेत. पोलिसरचा बर्स्ट (एका दमात जाऊ द्यायची मुभा) फार लहान ठेवलात तर पॅकेट फेकली जाऊन टीसीपी दबकतं आणि वेग ठरवलेल्या मर्यादेच्याही बराच खाली जातो. ग्राहक मग उलटी तक्रार करतो.

बाँडिंग (अनेक कार्डं मिळून एक जोडणी) आणि आयपीफिक्स (फ्लोची आकडेवारी बाहेर पाठवणं) कर्नल, युजरस्पेस आणि हायपर-व्ही तिन्हींकडे आहे. एसफ्लो हायपर-व्ही सोडून बाकी दोन्हींकडे.

५. युजरस्पेसला जाणार असाल तर

इथल्या अडचणी फीचरच्या तक्त्यात सापडत नाहीत.

डीपीडीकेला कार्ड देताना ते सहसा कर्नलकडून काढून व्हीएफआयओ ड्रायव्हरला बांधतात. त्या क्षणी ते कार्ड कर्नलच्या दृष्टीने नाहीसं होतं. तुम्ही त्याच कार्डावरून एसएसएचने आत असाल तर तुम्हीही नाहीसे होता. सुरुवातीला कन्सोल मागितला तो यासाठी. मेलानॉक्स कार्डांचं वेगळं आहे. ती कर्नल ड्रायव्हरसोबतच डीपीडीके चालवतात.

टीसीपीडंपलाही काही दिसत नाही. ओव्हीएस-टीसीपीडंप नावाचं वेगळं अवजार आहे, ते पोर्टचा आरसा बनवून त्यावर ऐकतं.

व्हीएक्सलॅनचं टोक कुठे ठेवायचं यात सगळ्यात जास्त वेळ जातो. कर्नलमध्ये टनेलचा आयपी सर्व्हरच्या साध्या कार्डावर असला तरी चालतं. युजरस्पेसमध्ये एक वेगळा नेटडेव्ह ब्रिज करा, डीपीडीके पोर्ट त्यात घाला आणि आयपी त्या ब्रिजच्या स्वतःच्या इंटरफेसवर द्या. मग अ‍ॅपसीटीएलच्या 'ओव्हीएस/राउट/शो' मध्ये समोरच्या टोकाचा मार्ग त्या ब्रिजमधून दिसतो का ते बघा. तो दिसत नाही तोवर टनेल चालणार नाही, बाकी काहीही करा. एमटीयूसुद्धा इथे नेहमीच्या आयपी कमांडने नव्हे, इंटरफेसच्या 'एमटीयू-रिक्वेस्ट' रकान्यातून बदलतो. आयपीव्ही-४ वरचं व्हीएक्सलॅन ५० बाइट खातं, तेव्हा आतला एमटीयू १५०० ठेवायचा तर बाहेर किमान १५५० हवा.

व्हीएमची मेमरी ह्यूजपेजमधून आणि शेअर्ड म्हणून दिलेली असावी लागते, नाहीतर पोर्ट बनतो, व्हीएम सुरू होते, आणि पॅकेट मात्र जात नाही. व्हीहोस्ट पोर्टचा (डीपीडीकेत व्हीएमला जोडणारा पोर्ट) 'क्लायंट' प्रकारच घ्या. साध्या प्रकारात ओव्हीएस रिस्टार्ट केला की व्हीएमही रिस्टार्ट कराव्या लागतात.

रिस्टार्टवरून आठवलं. कर्नल डेटापाथमध्ये डीमन मिनिटभर बंद पडला तरी आधीच बसलेले फ्लो कर्नलमध्ये चालू राहतात, जुनी जोडणी सहसा तुटत नाही. डीपीडीकेमध्ये डीमन हाच स्विच. तो थांबला की सगळं थांबलं, ट्रॅकिंगचा तक्ताही गेला. तेव्हा अपग्रेडची वेळ ठरवताना ग्राहकाला 'दोन सेकंद' असं आश्वासन देऊ नका.

आणि डीपीडीकेचे पोलिंग करणारे धागे (पॅकेट आलं का हे सतत बघणारे) त्यांना दिलेला प्रत्येक कोर कायम १०० टक्के वापरतात, ट्रॅफिक असो वा नसो. मॉनिटरिंगवाल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री दोनला फोन येईल.

६. कार्डावर काम ढकलताना

'एचडब्ल्यू-ऑफलोड' चालू करून डीमन रिस्टार्ट केला, कार्ड स्विचडेव्ह मोडमध्ये टाकलं, की कर्नल डेटापाथचे फ्लो टीसी फ्लॉवरमार्गे (टीसीचाच फ्लो जुळवणारा भाग) कार्डावर जाऊ लागतात. ज्या फ्लोमधली एखादी क्रिया कार्डाला जमत नाही तो फ्लो गुपचूप सॉफ्टवेअरमध्येच राहतो. काही तुटत नाही, फक्त वेग मिळत नाही आणि का ते कळत नाही. 'डीपीसीटीएल/डंप-फ्लोज' ला प्रकार 'ऑफलोडेड' असा दिला की कार्डावर गेलेले फ्लोच दिसतात. तुमचा मुख्य फ्लो त्यात नसेल तर त्यातल्या क्रिया एकेक करून काढत जा, दोषी सापडतो.

७. हायपर-व्हीवर

इथे ओव्हीएस विंडोजच्या एक्स्टेन्सिबल स्विचमध्ये फॉरवर्डिंग एक्स्टेन्शन म्हणून बसतो, आणि एका स्विचवर असं एक्स्टेन्शन एकच चालू राहू शकतं. दुसऱ्या कंपनीचं आधीच बसलेलं असेल तर एकाला जावं लागेल. स्वतः बांधलेल्या ड्रायव्हरला विंडोज सहीशिवाय आत घेत नाही. चाचणीसाठी टेस्ट-सायनिंग मोड आहे, पण तो खऱ्या सर्व्हरवर नको. ट्रॅकिंग, एनएटी, व्हीएक्सलॅन, जिनिव्ह चालतं. क्यूओएस आणि ईआरस्पॅन यांची आशा धरू नका. वेगमर्यादा हवी असेल तर ती हायपर-व्हीच्या स्वतःच्या सेटिंगमधून लावा.

८. खरं पॅकेट पाठवून बघा

यादीतल्या प्रत्येक फीचरसाठी अशी चाचणी करा की फीचर नसेल तर ती नापास व्हायलाच हवी. मर्यादा १०० एमबीपीएसची असेल तर आयपर्फ दोन्ही दिशांनी चालवा, एकदा टीसीपी आणि एकदा यूडीपी. एनएटी असेल तर समोरच्या व्हीएमवर पत्ता बदललेला दिसतो का पाहा. मोठं पिंग पाठवून तुकडे जुळतात का पाहा. चाचणी चालू असतानाच डेटापाथचे फ्लो डंप करा. क्रियेच्या जागी 'स्लो-पाथ' किंवा 'युजरस्पेस' असे शब्द दिसले तर पॅकेट दरवेळी डीमनपर्यंत जाऊन येतं आहे. दोन व्हीएमवर ते जाणवत नाही, दोनशेंवर जाणवतं.

डेटापाथ, कर्नल किंवा ओव्हीएस यांतलं काहीही बदललं की तिसरी आणि आठवी पायरी पुन्हा करा. मी आता 'शो-डीपी-फीचर्स' चं उत्तर प्रत्येक अपग्रेडआधी आणि नंतर फाइलमध्ये साठवतो आणि दोन्हींचा डिफ काढतो. मागच्या खेपेला त्यात चार ओळी निघाल्या, तीन 'नो' च्या 'येस' झालेल्या आणि एक उलटी. त्या एका ओळीमुळे अपग्रेड पंधरा दिवस पुढे ढकललं.